चादरीखालचे खडे

१४ सप्टेंबर, रविवार

कामाची वही वेगळी आहे. तिच्यावर सिद्धलिंग सर सही करतात, म्हणून तिच्यात मी शहाण्यासारखं लिहिते. ही वही माझी एकटीची आहे आणि हिच्यात मी जाहीर करते की माझं मॉडेल चाललं!

आजपर्यंत ते फक्त संगणकात मीच बनवलेल्या खोट्या चिपांवर चालत होतं. आज पहिल्यांदा पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेली खऱ्या चिपची मोजमापं त्याच्यासमोर ठेवली. निम्मी मोजमापं मी मुद्दाम झाकून ठेवली होती. मॉडेलनं उघड्या निम्म्यावरून झाकलेली निम्मी सांगितली, आणि झाकण काढून बघते तर दोन्ही चित्रं जुळ्या बहिणींसारखी. मी खुर्चीतून उठून खोलीभर नाचले.

अव्वा, म्हणजे माझी आई, दार ढकलून आत आली. "काय झालं नाचायला? लगीन ठरलं काय?"

तिला समजावून सांगायचंच असं ठरवलं. जमिनीवर चार-पाच खडे ठेवले, वर आपली सोलापुरी चादर अंथरली आणि शेजारच्या पोरांच्या गोट्या आणल्या. म्हटलं, "अव्वा, चिप म्हणजे ही चादर. केसापेक्षा कितीतरी पातळ. गोट्या म्हणजे तिच्यातून धावणारे इलेक्ट्रॉन. चादर सपाट असली तर गोटी सरळ जाते. पण कारखान्यात कितीही जपून बनव, खाली खडे राहतातच. कुठे कड वाकडी असते, कुठे भलत्याच जागी वीजभार अडकून बसलेला असतो. चादर उचलून बघता येत नाही. गोटी इकडून सोडली की तिकडे कुठून निघते, एवढंच बघायचं आणि खडे कुठे आहेत ते ओळखायचं."

"आणि ते तू वळखतीस?"

"मी नाही, मॉडेल. त्याला मी लाखभर खोट्या चादरी दाखवल्यात, ज्यांचे खडे मला ठाऊक आहेत. बघून बघून ते शिकलं. यालाच मशीन लर्निंग म्हणतात."

अव्वानं गोटी सोडली. ती खड्याला वळसा घालून कपाटाखाली गेली. "एवढी शिकलीस, मग खडे काढून टाकायचं की," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

१७ सप्टेंबर

गौसला फोन करून बातमी दिली. तो तिकडून ओरडलाच. मोजमापं त्याची आहेत ना.

गौस म्हणजे गैबीचाचांचा मुलगा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करायची शेड आहे आणि माझ्या जन्माच्या आधीपासून तिथले मुख्य मिस्त्री चाचा आहेत. गौस आणि मी एकाच शाळेत, एकाच वर्गात, एमएस्सीही बरोबरच केली. मी इथे पीएचडीला राहिले, तो पुण्याच्या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक म्हणून लागला. चिप थंड करायची, तिच्यातून वीज सोडायची आणि मोजायची, हे त्याचं काम. आकडे सोलापूरला येतात, मग माझं काम सुरू. इतकं चांगलं जमतं आमचं, कारण गौस माझं ऐकतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी बोलायचे आणि तो ज्वालामुखी उचलून धरायचा. दोन तास एका हातात धरला होता बिचाऱ्यानं, पण बक्षीस मिळालं.

त्याचा करार नोव्हेंबरअखेर संपतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख ऋतुजा मॅडम त्याला म्हणाल्यात की हे जोडकाम यशस्वी झालं तर नवा करार तीन वर्षांचा देऊ, नाहीतर अवघड आहे. म्हणजे माझं मॉडेल टिकलं की गौसची नोकरी टिकली.

"समज टिकलीच," मी म्हटलं.

"व्हय, पण मोजणीचा दुसरा भाग ऱ्हायलाय अजून. चिप तीच, वीज दुसऱ्या बाजूनं सोडायची."

"तो तू मोज. काय येणार ते मी आधीच सांगून ठेवते."

आणि खरंच, दुसऱ्या भागाची भाकितं करून मी ती मॅडमना पाठवूनही दिली.

२४ सप्टेंबर

सिद्धलिंग सर म्हणजे माझे मार्गदर्शक. फार भले आणि फार घाबरट. त्यांनी आज भाकितं बघितली, चष्मा वर केला, खाली केला. "मॉडेलमधी खडे हलू दे की, दानेश्वरी. तू सगळे खिळवून टाकलीस."

"सर, चिप द्रव हेलियमच्या टाकीत आहे. तिथे इतकी थंडी आहे की अडकलेला भार गोठून बसतो. अडकला तो अडकला. हलायची परवानगी दिली तर मॉडेलला दुप्पट शिकवावं लागेल आणि उत्तर तेच येईल."

"थंडीत हलत न्हाईत हे मला बी ठाऊक हाय. पण थंडी कायम ऱ्हाती असं धरून चालावं का?"

सरांना प्रत्येक गोष्टीत असं वाटतं. छत्री घेऊन फिरतात बाराही महिने, सोलापुरात! मी मान डोलावली आणि काही बदललं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस. दसऱ्यापेक्षाही.

सकाळीच शेडवर गेलो. मोटारी बंद, लेथ बंद, सगळं धुऊनपुसून लख्ख. पाने, छिन्न्या, व्हर्नियर, चाचांचा जुना हातोडा, सगळं आपापल्या जागेवरून काढून पाटांवर मांडलेलं. हळदकुंकू, झेंडू. नारळ दरवर्षी चाचा फोडतात. पूजा अप्पा करतात, नारळ चाचा. कोणी ठरवलं ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या कुणी फोडला तर अप्पांना चालत नाही.

अप्पांचं दरवर्षीचं भाषण झालं. "अवजार जागेवर ठिवून पूजा हुत न्हाय. काढा, पुसा, पाटावर बसवा. वर्षातनं एक दिवस त्यानी बसायचं, आपण हुबं ऱ्हायचं."

मला एकदम सुचलं आणि मी गौसला व्हिडिओ लावला. "काय रे, तुझ्या यंत्राची पूजा झाली का?"

"हितं कुटली पूजा? मॅडम परदेशी गेल्यात. मोजणी चालू हाय माझी."

"आज मोजणी? खंडेनवमीला? अप्पा, ऐकलंत?"

अप्पांनी फोन हातात घेतला. "गौस, आपल्या शेडचं पोरगं तू. आज मशीन चालवतुस? बंद कर की, हार घाल."

"मालक, टाकीला हार घालतो. पण दांडी आत हाय, ती—"

"मग दांडी काढ," मी मधेच म्हटलं. त्यांच्याकडे टाकीत एक लांब दांडी सोडलेली असते, तिच्या टोकाशी चिप. "अवजार जागेवर ठेवून पूजा होत नाही, आत्ताच ऐकलंस ना?"

"दांडी काढली म्हंजे चिप बी वर येती की, दानू."

"येऊ दे, तिलाही गंध लाव!"

सगळी शेड हसली. गौस चाचांकडे बघत असावा, कारण चाचा माझ्या मागेच नारळ घेऊन उभे होते. चाचा म्हणाले, "मालक म्हणत्यात तर कर बाबा."

तासाभरात फोटो आला. स्टुलावर पांढरा रुमाल, रुमालावर चकचकीत दांडी, तिला झेंडूची माळ आणि टोकाशी इवलासा कुंकवाचा ठिपका. इतका गोड फोटो! अप्पांनी तो शेडमधल्या प्रत्येकाला दाखवला, चहावाल्यालाही. पुण्याच्या एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत आमच्या शेडची रीत पोचली, याचा मलाही अभिमान वाटला. चाचा तेवढे हसले नाहीत. नारळ थोडा नासका निघाला होता, त्यामुळे असेल.

७ ऑक्टोबर

गौसनं दुसऱ्या भागाची मोजमापं पाठवली. माझी भाकितं आणि ती जुळत नाहीत.

थोडी नाही, अजिबात नाही. मॉडेल म्हणतं गोटी डावीकडून निघेल, तर ती निघतच नाही. काहीतरी फाईलचा घोळ असणार. उद्या बघते.

११ ऑक्टोबर

फाईलचा घोळ नाही. चार दिवस एक एक ओळ तपासली. एककं बरोबर, तारांचे क्रमांक बरोबर. मॉडेलला जुन्या खोट्या चिपांची परीक्षा पुन्हा द्यायला लावली तर पठ्ठ्या पैकीच्या पैकी.

घाबरायचं कारण नाही. माझं मॉडेल चुकीचं असतं तर ते पहिल्या भागातही चुकलं असतं. तिथे बरोबर आलं आणि इथे साफ चुकलं, म्हणजे इथे काहीतरी वेगळं आहे.

१५ ऑक्टोबर

सापडलं! दुसऱ्या भागाच्या मोजमापांवरून मॉडेलला नव्यानं खडे शोधायला लावले. ते म्हणतं की खडे साफ वेगळे आहेत. पहिल्या भागात एक गठ्ठा डावीकडे होता, इथे डावीकडे रान मोकळं. ही दुसरी चादर आहे. म्हणजे दुसरी चिप. मॅडमकडे एकाच तबकडीतून कापलेल्या सात चिपा आहेत, सगळ्या दिसायला सारख्या. गौसनं दुसरी लावली.

मला राग नाही आला, उलट हसूच आलं. माझ्या मॉडेलनं पुण्यातली चूक सोलापुरात बसून पकडली. याहून मोठी परीक्षा काय?

१६ ऑक्टोबर

ऋतुजा मॅडमना मेल केली. त्या परदेशातून परतल्यात. नीट, आकड्यांसह लिहिलं की दुसऱ्या भागात चिप बदलली गेल्याचं दिसतं, मोजणी पुन्हा व्हावी. गौसचं नाव लिहिलं नाही. पण तिथे मोजणारा तो एकटाच आहे, हे आता लिहिताना लक्षात आलं.

मग त्याला फोन केला. आधी करायला हवा होता का? पण आधी केला असता तर तो घाबरला असता.

"चिप तीच हाय," तो म्हणाला.

"मॉडेल म्हणतं वेगळी आहे."

"तीच हाय, दानू. मी कशाला बदलू?"

"मग आतलं सगळं बदललं कसं?"

 

"तूच विच्यार कर की," एवढं म्हणाला आणि ठेवला. चूक कबूल करायला जड जातंच माणसाला. मी समजू शकते.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दरवर्षी शेडच्या पूजेनंतर चाचा घरी फराळाला येतात. अव्वाच्या कडक भाकरीची आणि शेंगाचटणीची पिशवी त्यांच्यासाठी वेगळी बांधलेली असते. या वर्षी पूजा आटोपून ते थेट घरी गेले. अंगात कसर आहे म्हणाले.

अप्पा जेवताना म्हणाले, "पोराचं काय बिनसलंय म्हणं पुण्यात. करार थांबिवला. चिप का काय ते बदललं म्हणून आळ हाय त्याच्यावर. तुला काय ठावं हाय काय, दानव्वा?"

मी म्हटलं, "तांत्रिक भानगड आहे अप्पा, मिटेल."

अनारसा ताटात तसाच राहिला. मोठे होते या वर्षी.

२७ ऑक्टोबर

सर आज खोलीचं दार लावून बोलले. म्हणजे गंभीर.

"मॅडमचा फोन होता. गौस म्हणतो चिप एकच, तू म्हणतीस दोन. दोघांपैकी एक चुकीचा. तू लिहून दे की मॉडेल अजून कच्चं हाय. तुझं वय हाय, अजून सहा महिने घे. त्या पोराचं बस्तान वाचंल."

"सर, मॉडेल कच्चं नाही."

"मग पोरगं खोटं बोलतंय?"

यावर मला हो म्हणता येईना. गौस खोटं बोलत नाही. प्रदर्शन संपता संपता ज्वालामुखी पडला तेव्हासुद्धा, मी गप्प बसले होते आणि त्यानं खरं ते सांगितलं होतं, 'माझा हात दुखला'. मॉडेल खरं आहे. गौस खरा आहे. दोघं खरे असतील असं काहीतरी असलंच पाहिजे, आणि ते असेल तर मी शोधून काढीन. माझ्याइतकं ते मॉडेल कोणाला ओळखतं?

सरांना म्हटलं, "मॉडेलमध्ये खडे हलू देते. तुमच्या समाधानासाठी."

"माझ्या न्हाय," सर म्हणाले आणि छत्री घेऊन गेले.

४ नोव्हेंबर

आठवडाभर मॉडेल नव्यानं शिकलं. या वेळी त्याला दोन प्रकारचे खडे शिकवले. एक रुतलेले, म्हणजे कारखान्यातच राहिलेले दोष, जे चिपबरोबर जन्मभर राहतात. दुसरे सुटे, म्हणजे अडकून बसलेला वीजभार, जो थंडीत गप्प बसतो, पण ऊब मिळाली की उठतो आणि पुन्हा गारठा पडला की मिळेल तिथे बसतो. मग पहिला आणि दुसरा भाग एकत्र दिला आणि विचारलं, सांग बाबा, काय झालं?

उत्तर आज सकाळी आलं. दोन्ही भागांत तीन खडे एकाच जागी आहेत. अगदी त्याच जागी, त्याच उंचीचे. दोन वेगळ्या चिपांमध्ये हे होणं शक्य नाही. बाकीचे सगळे हललेत.

म्हणजे चिप तीच. गौस खरा आणि मॉडेलही खरं! मी उठून उभी राहिले, नाचणारच होते.

पण मग चिपला मधेच ऊब लागली होती. टाकीतून बाहेर आल्याशिवाय ऊब लागत नाही. पहिल्या भागाची मोजमापं सप्टेंबरमधली आणि दुसऱ्या भागाची दसऱ्यानंतरची. मधे कोणता दिवस होता ते मला शोधावं लागलं नाही. झेंडूची माळ आणि कुंकवाचा ठिपका डोळ्यांसमोर आला आणि मी पुन्हा खाली बसले.

येऊ दे, तिलाही गंध लाव. मीच म्हणाले होते. सगळ्या शेडसमोर, फोन हातात धरून. दांडीबरोबर चिप वर येते हे त्यानं सांगितलं होतं, आणि चिप वर आली की काय होतं हे मला एमएस्सीपासून पाठ आहे. पण माझ्यासाठी चिप म्हणजे संगणकातलं एक फोल्डर. फोल्डरला कसली ऊब आणि कसली थंडी! चिप मी आजवर डोळ्यांनी बघितलेलीसुद्धा नाही.

आणि गौसला हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला लाज वाटते आहे. इथे दुसरं काही लिहीत नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी शेडवर गेले. अप्पांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"फोन तुझ्या हातात हुता," ते म्हणाले, "मग माझ्या हातात बी हुता."

"चाचांना मी सांगते अप्पा."

चाचा आत गुंडाळी भरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून पुरे केले, गाठ मारली आणि मग म्हणाले, "पोरानं त्याच दिवशी सांगितलं हुतं, बेटा. अब्बा, आता हे मोजमाप वाया जानार, म्हणून."

"मग तुम्ही बोलला का नाही? मला, अप्पांना?"

"काय बोलू? 'कर बाबा' मीच म्हनलो की." त्यांनी हात पुसले. "तू पुण्याला जा. पोराला इमामबीचं लोणचं दे जाताना, घरनं घेऊन जा."

इमामबी म्हणजे गौसची अम्मी. लोणच्याची बरणी त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवली. तिला फडकं दोनदा गुंडाळलं, तेल सांडू नये म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार, पुणे

सकाळच्या गाडीनं आले. ऋतुजा मॅडम माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या आहेत आणि तिप्पट कडक. त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला, तीन खडे दाखवले आणि मग खंडेनवमी सांगितली. दांडी काढायला मी सांगितलं, गौस नको म्हणत होता, त्याच्या वडिलांसमोर त्याला नाही म्हणता आलं नाही. सगळं एका दमात.

मॅडमनी फोटो मागितला. तो मोठा करून बघितला.

"यंत्राला हार घालायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही घालतात. चिप बाहेर काढायला आहे. आणि बाहेर काढून मला न सांगायला तर फार आहे. त्याबद्दल मी गौसशी वेगळं बोलेन. तुमच्याबद्दल तुमच्या सरांशी." मग खडे पुन्हा बघितले. "हे तीन नशिबानं जुळले नाहीत कशावरून?"

"मॅडम, दांडी पुन्हा काढू. मुद्दाम. ऊब लागू दे, पुन्हा टाकीत सोडू. हे तीन खडे जागेवर राहतील आणि बाकीचे हलतील. न राहिले तर मी मॉडेल मागे घेते आणि चूक माझीच होती असं लिहून देते. राहिले तर चिप एकच होती हे सिद्ध होईल."

"आणि मग गौसचा करार मला थांबवता येणार नाही, असंच ना?"

"हो."

त्या पहिल्यांदा हसल्या, थोडंसंच. "इतकी खात्री?"

"मॉडेलची, हो." माझी स्वतःची थोडी कमी झालीय, हे मी बोलले नाही.

मग प्रयोगशाळेत गेले. टाकी माझ्या खांद्याएवढी, तोंडाशी पांढरी वाफ. दांडी आत. गौस स्टुलावर बसून आकडे बघत होता. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली. त्यानं फडकं सोडलं, वास घेतला, पुन्हा बांधलं.

"चुकले मी," म्हटलं. "मॅडमना सगळं सांगितलं. तू माझं ऐकलंस म्हणून हे झालं."

तो आकड्यांकडेच बघत म्हणाला, "तुझं ऐकून न्हाय काढली मी. अब्बा तुमच्याकडं कामाला हायेत म्हणून काढली, आन म्हणूनच गप बसलो."

 त्यानं एक आकडा टिपला, पुढचा टिपला. मी तिथेच उभी. शाळा, प्रदर्शन, एमएस्सी, सगळीकडे मी बोलत होते आणि तो उचलून धरत होता, आणि मी या वहीत लिहिलं होतं की आमचं चांगलं जमतं.

शेवटी म्हटलं, "दांडी पुन्हा काढायची आहे. मॅडमनी परवानगी दिली. आज काढशील का? नाही म्हणालास तरी चालेल."

तो विचार करत राहिला. खरंच विचार करत होता.

"आज न्हाय," म्हणाला. "ही मोजणी माझी अर्धी हाय. सोमवारी."

माझं परतीचं तिकीट आज संध्याकाळचं होतं. ते रद्द केलं. मावसबहीण अंकिताकडे उतरले आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार, पुणे

दांडी गौसनं काढली. सावकाश, एक एक वीत. माझ्या हातात हातमोजे दिले आणि म्हणाला, "धर."

धरली. मोज्यातूनही बोटं बधिर झाली. टोकाशी एक चौकोन, त्यात तिळाएवढा तुकडा, त्यात माझी दोन वर्षं. कडेला अजून लालसर डाग होता, कुंकवाचा. गौस म्हणाला की पुसायला जीव झाला नाही.

चिप खोलीच्या उबेला आली, मग पुन्हा आत गेली. मोजणी संपेपर्यंत दुपार झाली. मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या. मॉडेलला आकडे दिले. चित्र उमटायला लागलं तेव्हा मी ओठ चावत होते, गौस टेबलावर बोटं वाजवत होता.

सुटे खडे सगळे हललेले. डावीकडे नवाच गठ्ठा. आणि तीन रुतलेले खडे जिथल्या तिथे, तिसऱ्यांदा.

मॅडम म्हणाल्या, "एकदा जुळलं म्हणजे झालं असं नाही. आणखी दहा वेळा करा. दोघं मिळून." मग दारातून मागे वळून, "गौस, ऑफिसात येऊन सही करून जा. तीन वर्षांची." त्या गेल्या आणि मी मोठ्यानं ओरडले. नाचलेही थोडी. टाकीला धक्का लागेल म्हणून गौसनं मला दंड धरून बाजूला केलं, पण तोही हसत होता.

अप्पांना फोन लावला. पलीकडे चाचांचा आवाज आला, त्यांना बातमी सांगितली. मग अप्पा म्हणाले, "गौसला सांग, पुढल्या खंडेनवमीला सुट्टी टाकून शेडवर यायचं म्हणावं. नारळ त्यानं फोडायचा."

"मी नाही सांगणार अप्पा," म्हटलं. "तुम्ही विचारा त्याला."

फोन गौसकडे दिला. अप्पांना विचारायची सवय नाही, त्यामुळे त्यांना वेळ लागला. मला अर्धंच ऐकू आलं. "येशील काय, गौस?" असं काहीतरी होतं ते.

गौसनं टाकीकडे बघितलं. "बघतो मालक. मोजणी चालू नसली तर येतो."